दाणा पडेना

आमच्या भाऊजींच्या शेजारी बसमध्ये सहसा कुणी बसत नसे. भांडण वगैरे काही नाही, अंगावरून पांढरी भुकटी झडायची, एवढंच. काळी पँट घातलेला माणूस त्यांच्या शेजारून उठला की त्याची एक मांडी काळी आणि एक पांढरी दिसायची. थांब्यावरचे लोक त्यांना 'गिरणीवाले' म्हणायचे. एकदा एका आजींनी तर त्यांना थांबवूनच विचारलं, "अहो, गहू बारीक दळून मिळेल का?"

भाऊजी म्हणाले, "आजी, मी मीठ करतो."

"मग मीठ बारीक दळून मिळेल का?"

मीठ करतो हे उत्तर खोटं नव्हतं, फक्त अपुरं होतं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. रसायनशास्त्र शिकलेले, चाळिशीला टेकलेले, आणि दाढी वाढली आहे हे दुसऱ्याने सांगितल्याशिवाय न कळणारे. आमच्या घरापासून बसने चार थांबे पुढे, टायरच्या गोदामाला लागून एक छोटा कारखाना आहे. तिथे अमिनो आम्लांचे क्षार तयार होतात. काही गोळ्या बनवणाऱ्यांकडे जातात, काही गुरांच्या खाद्यात. भाऊजी तिथे मोठ्या टाकीवर असतात. पातेल्यात पाक आटवावा तसं द्रावण आटवायचं, थंड करायचं, त्यातून पांढरे दाणे पडले की गाळून वाळवायचे. दाणे पडले की काम झालं. कारखान्यात 'दाणा पडला' हे दोन शब्द ऐकण्यासाठी माणसं उभी असतात.

मी कॉलेजात इतिहास शिकले. माझं सगळं रसायनशास्त्र जेवणाच्या टेबलावर झालं.

"वहिनी, अमिनो आम्ल म्हणजे दोन टोकांचा प्राणी," भाऊजी चमचा आडवा धरून सांगायचे. "या टोकाला आम्ल, त्या टोकाला आम्लारी. समोर आम्ल आलं की हा आम्लारीचं टोक पुढे करणार. आम्लारी आली की आम्लाचं. कुणाशी वाकडं म्हणून नाही."

"म्हणजे तुमच्यासारखाच."

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. आमच्या घरात खिडकीवरून कायम वाद. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वारा लागतो. मला वाऱ्याने मुलीला खोकला होईल अशी धास्ती. भाऊजींना विचारलं तर यांना म्हणणार, "दादा, तुझं बरोबर आहे," आणि मान वळवून मला म्हणणार, "वहिनी, तुमचंही अगदी बरोबर आहे." मग खिडकी अर्धी उघडी. यांना वारा नाही आणि मला स्वस्थता नाही.

"आता लायसिन घ्या," भाऊजींचं पुढे चालू. "हे एक अमिनो आम्ल. एकटं असलं की वास मारतं, हवेतलं पाणी पिऊन चिकट होतं, पिंपाला धरून बसतं. तेच हायड्रोक्लोरिक आम्लाशी जोडून दिलं की काय सुरेख क्षार होतो! कोरडा, मोकळा, वाळूसारखा घरंगळणारा."

"ऐक, ऐक," हे मला म्हणाले. "एकटं असलं की वास मारतं. याच्या खोलीत जाऊन बघ."

"आणि ग्लुटामिक आम्ल त्याच्या उलट," भाऊजींना टोमणे लागत नाहीत. "नुसतं पाण्यात टाकलं तर विरघळायला कुरकुर करतं. त्याच्याकडे आम्लाची दोन टोकं. एका टोकाला सोडियम दिलं की सूपला अशी चव आणतं की वाडगा चाटाल. दुसऱ्या टोकालाही दिलं की चव गेली!"

"म्हणजे माणसाने एकदा मान तुकवली तर चव, दोनदा तुकवली तर बेचव," हे म्हणाले.

"तुम्ही आज कितव्यांदा तुकवताय?" मी विचारलं. त्यावर यांनी पाण्याचा पेला उचलला.

असं सगळं हसतखेळत असलं तरी माझ्या जिवाला घोर होताच. ती भुकटी जिन्याच्या कठड्यावर, वर्तमानपत्रावर, दाराच्या मुठीवर. घरात लहान मुलगी. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, हे तर आपल्या शरीरातच असतं." मी म्हणायचे, "शरीरात रक्तही असतं, म्हणून ते जिन्यावर सांडलेलं चालेल का?"

मग त्या हिवाळ्यात व्हायचं ते झालंच. भाऊजी मुलीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत होते आणि ती त्यांच्या मफलरचं टोक तोंडात धरून बसली होती. मी स्वयंपाकघरातून आले तर म्हणते, "आई, काकांचा मफलर सूपसारखा लागतो."

मी एका हाताने मुलगी आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिकच्या पिशवीत मफलर घेऊन डॉक्टरांकडे पळाले. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, अमिनो आम्लांचे क्षार. त्यांनी मुलीची जीभ बघितली, पोट दाबलं, मफलरकडे बघितलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हिला काही होत नाही. तुम्ही मात्र घरी जाऊन शांत बसा."

डॉक्टरांना काय जातंय सांगायला. मफलर सासूबाईंनी स्वतः विणलेला, म्हणून टाकून देता येईना. धुवावा म्हटलं तर ती भुकटी बादलीत उतरणार, आणि त्याच बादलीत दुसऱ्या दिवशी मुलीचे कपडे. शेवटी तो होता तसा पिशवीत बांधला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि माझ्या डब्यात ठेवून दिला.

या डब्याबद्दल सांगायला हवं. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आहे, झाकण इतकं घट्ट की उलथन्याचा दांडा लावल्याशिवाय निघत नाही. घरातली जी वस्तू मुलीच्या हाती लागू नये असं मला वाटतं ती त्यात जाते. घड्याळांचे बटणासारखे सेल, ब्लेडं, तुटक्या बाहुलीचे डोळे. आणि बुटांच्या खोक्यांत निघणाऱ्या, ओल शोषून घेणाऱ्या त्या छोट्या पुड्या, ज्यांच्यावर 'खाऊ नये' असं लिहिलेलं असतं. लिहिलं आहे म्हणजे कुणीतरी खाल्ली असणार. त्या पुड्या मी आमच्याच नव्हे, शेजाऱ्यांकडच्याही मागून आणते, कारण मुलगी तिथेही खेळायला जाते. हे त्याला 'भीतीचा डबा' म्हणतात. डबा कपाटाच्या वर असतो. भाऊजींनी चार दिवस मफलर शोधला, मी म्हटलं, "सुरक्षित आहे," आणि ते विसरले.

आता त्याच हिवाळ्यातली, मफलर डब्यात जायच्या थोडी आधीची गोष्ट. कारखान्याच्या मालकांच्या डोक्यात एक नवा क्षार आला होता. लायसिन आम्लारीच्या बाजूला झुकणारं, ग्लुटामिक आम्लाच्या. तर मग बाहेरचं काही न घालता या दोघांचाच एकमेकांशी क्षार करायचा. कागदावर फार छान. लायसिनच्या पाण्यात ग्लुटामिक टाकलं की कुरकुर न करता विरघळतं, वास जातो, द्रावण आंबट ना तुरट असं मधोमध येतं. फक्त एक अडचण. दाणा पडत नाही. आटवावं तर मधासारखा पाक, आणखी आटवावं तर डिंक.

"का पडत नाही?" मी विचारलं होतं.

"बसथांब्यावर माणसं कशी घोळक्याने उभी असतात? रांग कुणालाच लावायची नसते असं नाही, पण पहिलं उभं कोण राहणार? एक जण नीट उभा राहिला की त्याच्यामागे दुसरा, तिसरा. या रेणूंचं तसंच आहे. तयार झालेला एक दाणा आत पडला तर त्याच्यावर बाकीचे रचले जातील. त्याला आम्ही बी म्हणतो. पण पहिलाच दाणा पडायचाय, तर बी आणू कुठून?"

कित्येक दिवस तो पाक त्यांच्या टेबलावर काचेच्या चंबूत पडून होता. आणि एका सकाळी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, चंबू पांढराशुभ्र. कसा, कशामुळे, कुणाला ठाऊक नाही. मालकांनी कचेरीतल्या माणसांसकट सगळ्यांना चहा पाजला. आणि त्यानंतर मजा अशी की भाऊजी ज्या चंबूवर वाकतील त्यात दाणा पडायचा. दुसऱ्या कुणी बी टाकायला घेण्याआधीच पडायचा.

भाऊजी एरवी साधा माणूस. पण या गोष्टीने डोक्यात हवा गेली. "हातगुण आहे, वहिनी," असं ते म्हणू लागले. मी जॅम करत होते तर बाजूला येऊन उभे राहिले, म्हणाले, "घट्ट होत नाही का? थांबा, मी ढवळतो." त्यांनी ढवळला. तो जॅम आम्ही पुढे पाण्यात घालून सरबत म्हणून प्यायलो.

या हातगुणाच्या भरात असतानाच कारखान्यात तपासणीच्या बाई आल्या.

मालकांना गोळ्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं काम हवं होतं, आणि कंपनीची अट होती की स्वच्छतेवर लक्ष ठेवणारं माणूस नेमा. बाई पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, आणि चष्म्यावरून बघायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी भाऊजींच्या कोटाच्या बाहीवरून पांढरा कापसाचा बोळा फिरवला, बोळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा कोट शेवटचा कधी धुतला?"

भाऊजी म्हणाले, "धुवायचा असतो?"

"तुम्ही इथे काम करता की इथला नमुना म्हणून ठेवलंय तुम्हाला?"

हे भाऊजींनी घरी येऊन सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नव्हे. हसत सांगितलं, आणि जेवताना पुन्हा एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी घाबरून दारावर थाप मारली, "भाऊजी, बरं आहे ना? चक्कर नाही ना आली?"

"अंघोळ करतोय!"

"इतकी?"

त्या आठवड्यात दाढी गेली. केस कापले गेले. जुना कोट त्यांनी उकळत्या पाण्यात घालून धुतला, पुन्हा धुतला, आणि तरी पिवळट दिसतो म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकला. बूट नवे. चष्म्याची दांडी ब्रशने घासली. खोली तर अशी आवरली की माझी मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "काका गेले का?" मला वाटलं, आजारपण आहे आणि भाऊजी लपवतायत. यांना म्हटलं, "एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

"अगं, डॉक्टर काय करणार? तपासणीच्या बाई आल्यात ना कारखान्यात, त्यांचं आहे हे."

बसमध्ये लोक त्यांच्या शेजारी बसू लागले. थांब्यावरच्या आजींनी यांना विचारलं म्हणे, "तुमचा भाऊ गिरणी सोडून कुठे लागला?"

आणि मोठ्या कंपनीचं काम मिळालं. त्या दोन अमिनो आम्लांच्या क्षाराचंच. टाकीभर द्रावण आटवलं, थंड केलं, भाऊजी नव्या कोटात, डोक्याला जाळी लावून, हातगुणाच्या पूर्ण विश्वासाने वर चढले, वाकून बघितलं.

पाक.

वाट बघितली. पाक. आणखी थंड केला. जाड पाक. काचेच्या कांडीने भांड्याची कड खरवडतात, तशाने कधीकधी पडतो, ते केलं. अल्कोहोल घातलं, तर तळाशी चिकट थर बसला आणि कांडी त्यात अशी उभी राहिली की सोडवायला दोघं लागले. साठवलेला नमुना आहे ना, त्यातलं बी टाका, असं मालक म्हणाले. कपाट उघडलं, तर बाटलीचं बूच कधीतरी सैल राहिलेलं. या क्षारालाही लायसिनची जुनी खोड थोडी आहे, हवेतलं पाणी ओढतो. बाटलीत दाणे नव्हतेच, घोटभर पाणी होतं. बाकी जो काही माल झाला होता तो कंपनीने नमुना म्हणून नेऊन आधीच गोळ्या करून संपवलेला.

"कंपनीकडून चिमूटभर परत मागू या?" कुणीतरी सुचवलं.

मालक म्हणाले, "हो. आणि सांगू या की आम्हाला आमचाच माल करता येत नाही."

मालक वाईट माणूस नव्हे, पण टाकी अडकून पडली होती. त्यांनी भाऊजींना बोलावून सांगितलं की आठवडाअखेर कंपनीची माणसं बघायला येणार. तोवर दाणा पडला नाही तर हे काम बंद. मग टाकीवर दोन माणसं लागणार नाहीत. मालकांच्या चुलत भावाचा साबणाचा कारखाना आहे, रात्रभराच्या प्रवासावर, तिथे भाऊजींनी जावं.

भाऊजींनी घरी येऊन हे जेवता जेवता सांगितलं आणि वर म्हणाले, "साबणही क्षारच असतो तसा." मी इतकी वर्षं जिन्याच्या कठड्यावरून फडकं फिरवताना मनातल्या मनात म्हणत आले होते की भाऊजी कुठे दुसरीकडे राहायला गेले तर बरं. आता खरंच वरची खोली रिकामी दिसायला लागली. मुलीला संध्याकाळी गोष्ट कोण सांगणार? यांचं आणि माझं खिडकीवरून जुंपलं की दोघांचं बरोबर आहे असं कोण म्हणणार? रात्रभराचा प्रवास, तोही एकट्याने. त्यांना उतरायचं ठिकाण आलं तरी कळत नाही, हे मला माहीत आहे. एक दिवस थांब्यावर उतरायचं राहून सरळ आगारात गेले होते.

"आणि बाई?" यांनी विचारलं.

"बाई काय? बाई नियमाप्रमाणे वागतायत. त्यांचं बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. "मालकांचंही बरोबर आहे."

खिशात त्यांनी त्या पाकाची एक छोटी बाटली ठेवली होती. जेवण होईस्तोवर दोनदा काढून उजेडात धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. त्यांच्यामागे, दोन पायऱ्या खाली, भाऊजी, चेहऱ्यावर असे भाव की आपण यांना ओळखत नाही.

"नमस्कार ताई. मी कारखान्यातली, तपासणीची. तुमच्या घरात घाण आहे का?"

मी दिवसातून दोनदा फरशी पुसते. दाराच्या मुठी पुसते, दिव्याची बटणं पुसते.

"म्हणजे यांची," बाईंनी मागे अंगठा केला. "यांचा काही जुना कपडा? न धुतलेला? टोपी, सदरा, मोजा? मोजा असेल तर फारच चांगलं."

मी त्यांना आत घेतलं. बाई खुर्चीच्या कडेवर बसून भराभर बोलल्या. "मला काल सुचलं. दाणा पडणं थांबलं कधी? हे अंघोळ करायला लागल्यापासून. हातगुण वगैरे काही नाही हो. यांच्या कोटावर, दाढीत, बाहीवर त्या क्षाराचे बारीक कण बसलेले होते. हे चंबूवर वाकले की एखादा कण आत पडायचा. तेच बी. मी येऊन यांना घासून पुसून स्वच्छ केलं आणि कारखान्यात जेवढं बी होतं तेवढं गटारात गेलं."

"तुम्ही नाही, मी स्वतः स्वच्छ झालो," भाऊजी दारातूनच म्हणाले.

"कशासाठी झालात?"

भाऊजींनी यावर दाराच्या चौकटीचा रंग निरखायला घेतला.

मग शोधाशोध. बाई पलंगाखाली शिरल्या. कंगवा बघितला, धुतलेला. चष्म्याचं घर बघितलं, पुसलेलं. जुने बूट मी कधीच देऊन टाकलेले. जिन्याच्या कठड्याच्या खाचेत त्यांनी टाचणी घालून बघितली आणि टाचणी चकचकीत बाहेर आली. "इथेसुद्धा नाही!" बाई हताश होऊन म्हणाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच स्वच्छ घराबद्दल कुणाची माफी मागितली.

तेवढ्यात हे जेवायला आले. सगळं ऐकून घेतलं आणि हात धुता धुता म्हणाले, "घाण हवीय ना? या घरातली सगळी घाण हिच्या डब्यात आहे. भीतीच्या."

मी कपाटाच्या वर बघितलं. मग म्हटलं, "भाऊजी, खुर्ची आणा."

डबा खाली आला. उलथनं लावून झाकण काढलं. बाईंनी सेल, ब्लेडं, बाहुलीचे डोळे एकेक करून बाजूला ठेवले, आणि दोन पिशव्यांतला मफलर हातात घेतला. पिशवीच्या चहूबाजूंनी पुड्याच पुड्या. बाईंनी एक पुडी उचलली, वाचली, दुसरी उचलली. चष्मा काढून पुन्हा लावला.

"ताई, तुम्ही हा हवाबंद डब्यात, दोन पिशव्यांत, इतक्या शोषक पुड्यांच्या मध्ये ठेवलात?"

"मुलगी चाटेल म्हणून," मी म्हणाले.

"आमचं नमुन्यांचं कपाटसुद्धा असं नाही!"

"माझा मफलर!" भाऊजी म्हणाले. त्यांना तो आता आठवला.

टेबलावर काळा कागद पसरून, श्वास रोखून मफलर उघडला. एका टोकाला, जिथे मुलीने चाटलं नव्हतं, लोकरीत पांढरे कण होते. बाईंनी टाचणीने ते झटकले. मला वेगळीच काळजी. "पण हे त्याचेच कशावरून? भाऊजींच्या अंगावर तर सगळ्या प्रकारची भुकटी असायची. बिस्किटाची साखरसुद्धा असेल."

"असू दे," बाई म्हणाल्या. "पाकाला परकं चालत नाही. जो आपला असेल त्याच्याच मागे रांग लागते. बाकीचे नुसते विरघळून जातात."

भाऊजींनी खिशातली बाटली काढली. बाईंनी टाचणीच्या टोकावर ते कण घेऊन टोक आत बुडवलं. आम्ही चौघं टेबलाभोवती वाकून बघत होतो. काही झालं नाही. पाक तसाच, मधासारखा, शांत. मी चहा ठेवला, कारण हातांना काहीतरी हवं होतं. चहा उकळून भांड्याच्या कडेपर्यंत आला तरी कुणी कप पुढे केला नाही. हे म्हणाले, "मला वाटतं, साखरच होती." त्यांना मी डोळ्यांनीच गप्प केलं.

बाटली भाऊजींच्या मुठीत होती. एकाएकी ते म्हणाले, "गरम लागतेय."

"हाताने लागत असेल," बाई म्हणाल्या.

"नाही. आतून."

त्यांनी मूठ उघडली. बाटलीच्या मधोमध एक पांढरा ढग होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो पसरत होता, तळाकडे, वर, कडेला. दाणे रचले जाताना थोडी ऊब सोडतात, हे भाऊजींनी मला नंतर सांगितलं. बाईंनी बाटली त्यांच्या हातातून घेतली, गालाला लावून बघितली आणि इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की मला ओठांवरूनच कळलं, "दाणा पडला."

भाऊजी मफलर गळ्यात घालून कारखान्याकडे पळायला निघाले होते. बाईंनी टोक धरून मागे ओढलं.

"हा मफलर कारखान्याच्या फाटकाच्या आत येणार नाही. याच्यातला एक धागाही टाकीत जाणार नाही. या बाटलीतले दाणे विरघळवायचे, गाळायचे, पुन्हा पाडायचे. स्वच्छ भांड्यात. मग पुन्हा तेच. मग पुन्हा."

"पण दुसऱ्यांदा पाडायला बी लागेल," भाऊजी म्हणाले.

"म्हणून सगळे एकदम विरघळवायचे नाहीत. थोडे मागे ठेवायचे. तुम्हाला कुणी शिकवलं हो रसायनशास्त्र?"

"तुमचं बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. या वेळी त्यांनी दुसऱ्या कुणाचंही बरोबर आहे असं म्हटलं नाही.

कंपनीची माणसं आली तेव्हा टाकी पांढरी होती, बर्फ पडल्यासारखी, असं हे सांगतात. हे मालकांकडे पाहुण्यांना चहा द्यायच्या निमित्ताने जाऊन बघून आले. साबणाच्या कारखान्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बी आता नमुन्यांच्या कपाटात असतं, हवाबंद डब्यात, दोन पिशव्यांत, मध्ये शोषक पुड्या. मालकांनी मला विचारून घेतलं, किती पुड्या, कशा रचायच्या. मी सांगितलं, आणि झाकण दोनदा दाबून बघायलाही सांगितलं. हे लिहिता लिहिता उठून मीही आमचं झाकण एकदा दाबून आले.

कारण मफलर परत आमच्याच डब्यात आहे. बाई म्हणाल्या होत्या, कारखान्यातलं बी कधी बिघडलं तर हा मूळ साठा, तो तुमच्याकडे सुरक्षित राहील. महिन्यातून एकदा येऊन बघून जाईन. त्या महिनाभर थांबल्या नाहीत, पुढच्याच आठवड्यात आल्या. मी डबा उतरवला, त्यांनी झाकण बघितलं, पुड्या बघितल्या, छान आहे म्हणाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात आल्या तेव्हा त्यांना डब्याची आठवणच झाली नाही. भाऊजींनी चहा केला, आणि बाई मुलीला गोष्ट सांगत बसल्या.

कालही आल्या होत्या. आमचं खिडकीवरून चाललंच होतं. यांनी बाईंना मध्ये ओढलं, "तुम्हीच सांगा, खिडकी उघडी हवी की बंद?"

बाई म्हणाल्या, "बंद. लहान मुलगी आहे घरात."

भाऊजी म्हणाले, "बंद." आणि उठून त्यांनी खिडकी पूर्ण लावली.

हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "एकदा तुकवली."

मी दुसऱ्यांदाची वाट बघतेय, गळ्यात हार पडताना तुकवतात त्याची. जिन्याच्या कठड्यावरून मात्र हल्ली फडकं फिरवताना जरा बेतानेच फिरवते. थोडी भुकटी राहिली तर राहू दे.